आप्पा कारखानीसांचं हरीण

"नितीन, आमच्या गॅलरीत एक कॅमेरा बसवून दे. आमचे हे वीट चाटतात."

नौपाड्यात माझं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं छोटंसं दुकान आहे. त्यामुळे लोक काय काय मागत येतात याची मला सवय आहे. एका गृहस्थांना आपल्या दारातला पेपर आधी कोण वाचतं आणि पुन्हा घडी घालून ठेवतं ते बघायचं होतं. एका बाईंना सुनेवर नव्हे, सुनेच्या आईवर लक्ष ठेवायचं होतं. पण नवऱ्याला वीट चाटताना पकडून दे म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच. त्यातून त्या कुसुमकाकू. माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आणि मला अर्ध्या चड्डीत असल्यापासून ओळखणाऱ्या. त्यांना 'नंतर बघू' म्हणायची सोय नव्हती.

"कसली वीट, काकू?"

"गुरांची."

गोठ्यात गुरांपुढे मिठाची वीट ठेवतात ना, ती. मीठ आणि अंगाला लागणारे बाकीचे क्षार एकत्र दाबून केलेली, विटकरी रंगाची, दोन्ही हातांनी उचलावी लागेल अशी. दुकानदार तिला चाटण-वीट म्हणतात. गाय, म्हैस, शेळी जाता-येता ती चाटते आणि धडधाकट राहते. अशा काही विटा काकूंच्या गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या होत्या, आणि त्यातली एक, एकाच बाजूनं, झिजली होती. इकडे डॉक्टरांनी आप्पांचं मीठ रक्तदाबापायी जवळजवळ बंद केलेलं. आमटी अळणी, भाजी अळणी, लोणचं आणि पापड घरातून हद्दपार. काकूंच्या संशयाला जागा होती.

"दमट हवेनं विरघळली असेल," मी आप्पांची बाजू घेऊन बघितली.

"दमट हवेला जिभेचा आकार असतो का रे?"

'बघतो' म्हणून मी वेळ मारून नेली.

आता या आप्पांविषयी. आप्पा कारखानीस टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. उभी नोकरी तक्रार विभागात गेली. फोन बंद पडला म्हणून चिडलेले ठाणेकर दुसऱ्याच्या घरून फोन करून ओरडायचे, आणि आप्पा ते ऐकून घ्यायचे. इतका ओरडा ऐकल्यावर माणूस एक तर बहिरा होतो, नाहीतर शांत. आप्पा शांत झाले. पण गेली दोनेक वर्षं ते नुसते शांत नाहीत, कुजबुजतात. जिन्यात भेटले तरी आधी इकडेतिकडे बघतात, जवळ येतात, आणि शेजारी कोणी आजारी झोपलंय अशा आवाजात विचारतात, "पाणी आलं का रे तुमच्याकडे?"

त्यांचा दुसरा विशेष म्हणजे 'बिचकेल' हा शब्द. जगातली प्रत्येक गोष्ट मुळात भित्री आहे आणि आपण जरा जोरात हललो तर ती पळून जाणार आहे, असं आप्पांचं ठाम मत. लिफ्टचं बटण दोनदा दाबायचं नाही, बिचकेल. सेक्रेटरींना गळक्या टाकीबद्दल एकदम विचारायचं नाही, बिचकेल. कुकरची शिट्टी होईपर्यंत काकूंनी ओट्यापाशी उभं राहायचं नाही. यावर काकू म्हणतात, "चाळीस वर्षं मी इथंच उभी आहे, तो कुकर मला घाबरत असता तर एव्हाना शहाणा झाला असता."

एकदा ठाणे स्टेशनबाहेर मला आप्पा भेटले. माझ्या हातात कॅमेऱ्यांचं खोकं होतं म्हणून मी रिक्षाला हात करत होतो. स्टेशनवरून नौपाड्याला यायला रिक्षावाले किती खूश असतात हे कुठल्याही ठाणेकराला विचारा. चार-पाच जण नुसतं 'नौपाडा' ऐकूनच मान हलवून पुढे गेले.

"तू त्यांच्या डोळ्यांत बघतोयस," आप्पा कुजबुजले. "थांब."

मग ते रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. समोरचा साडीच्या सेलचा बोर्ड त्यांनी सावकाश वाचला. खिशातून रुमाल काढला, झटकला, पुन्हा घडी घातली. आणि एक रिक्षा आपण होऊन त्यांच्या बाजूला येऊन थांबली. "काका, कुठं जायचं?" आप्पांनी जरा आठवल्यासारखं केलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "नौपाडा." आम्ही बसलो. खोकं मांडीवर घेऊन मी त्यांच्याकडे बघत होतो.

"हाका मारून कोणी येत नाही, नितीन," ते माझ्या कानाशी लागून म्हणाले. "ठेवायचं आणि बाजूला व्हायचं."

"पण ठेवलं काय होतंत?"

"स्वतःला."

हे तत्त्वज्ञान आप्पांनी कुठून आणलं याचा खुलासा काकूंनीच केला. आपल्याकडे मीठ हातात देत नाहीत, दोघांत भांडण लागतं म्हणून. काकू हे फार कडकपणे पाळतात. शेजारीण वाटीभर मीठ मागायला आली तर काकू वाटी ओट्यावर ठेवतात आणि एक पाऊल मागे सरतात, मग शेजारणीनं ती उचलायची. आप्पांनी हे आयुष्यभर बघितलं आणि त्यांना वाटलं, हीच खरी रीत. "अमेरिकेतल्या व्हिडिओत बघितलं म्हणून सांगतात लोकांना," काकू म्हणाल्या, "पण मुळात विद्या आमच्या ओट्यावरची आहे."

अमेरिकेतल्या व्हिडिओंचं काय, तर तिथे हरणांना एका जागी आणण्यासाठी अशाच क्षारांच्या विटा नाहीतर पूड ठेवतात. हरणांना मिठाची भयंकर ओढ. एकदा चव लागली की वाट वाकडी करून त्याच जागी परत परत येतात. आप्पा हे व्हिडिओ आवाज बंद करून बघायचे. आवाज बंद असल्यामुळे ही सगळी मंडळी शिकारी आहेत आणि पुढच्या व्हिडिओत बंदूक निघणार आहे, हे त्यांना पुष्कळ दिवस कळलंच नाही. त्यांना वाटायचं, किती प्रेमळ लोक आहेत, हरणांना खायला घालतात आणि झाडावर बसून बघतात.

आणि ठाण्यातल्या माणसाला हरीण हवं कशाला? त्याला कारण तो प्लॉट.

निवृत्त झाल्यावर आप्पांनी मुरबाडच्या पुढे, जंगलाच्या हद्दीला लागून, काही गुंठ्यांचा तुकडा घेतला. कल्याणहून एसटी, मग शेअर रिक्षा, मग पायी. तो तुकडा त्यांनी पाणी बघून घेतला नाही, रस्ता बघून घेतला नाही, जाहिरातीच्या रंगीत पत्रकावरचं हरीण बघून घेतला. पत्रकावर 'निसर्गाच्या कुशीत' असं लिहिलेलं आणि खाली एक ऐटबाज शिंगाळं हरीण. मी ते पत्रक बघितलंय. त्या हरणाच्या मागे बर्फ आहे.

"आप्पा, हा बर्फ आहे."

"धुकं आहे ते. मुरबाडला पडतं."

"आणि ही झाडं?"

"सुरू."

तेव्हा त्यांची नात ओवी सहा-सात वर्षांची होती. लेक मीनल नोकरीला जायची, त्यामुळे ओवी शाळेतून थेट आजी-आजोबांकडे यायची. जिन्यात पहिल्या पायरीपासून तिची बडबड सुरू व्हायची, ती माझ्या दारावरून वर जायची आणि संध्याकाळी आई न्यायला आली की त्याच आवाजात खाली उतरायची. आप्पा तिच्यासाठी खलबत्त्यात चिंच, गूळ, मीठ आणि जिरं कुटून, गोळा करून काडीला लावायचे. चिंचेचं बुटुक. ते बुटुक चाटत ती त्या पत्रकासमोर बसायची. एकदा तिनं विचारलं, "आजोबा, हे हरीण आपलं?"

"आपलंच," आप्पा म्हणाले. "तुला दाखवणार मी एकदा."

झालं. बिल्डरनं लोकांना कितीतरी गोष्टींची आश्वासनं दिली होती, क्लब हाऊस, डांबरी रस्ता, चोवीस तास पाणी. आप्पांनी त्यातलं काहीही मागितलं नाही. त्यांना फक्त हरीण द्यायचं होतं, आणि तेसुद्धा बिल्डरच्या वतीनं.

पुढे मीनलनं डोंबिवलीला मोठं घर घेतलं. ठाण्याहून डोंबिवली काही लांब नाही. पण मध्ये शाळा येते, क्लास येतात, परीक्षा येतात, आणि मग ते अंतर वाढतच जातं. ओवी आता सातवीत आहे. तिची बडबड आमच्या जिन्यात ऐकू आल्याला दोनेक वर्षं झाली.

मधल्या काळात आप्पांनी हरणाचा उद्योग जोरात चालवला. कल्याणच्या बाजारात पेंड आणि भुसा विकणारं दुकान त्यांनी शोधून काढलं. पहिल्या खरेदीला मी बरोबर होतो, त्यामुळे हा संवाद माझ्यासमोर झालेला आहे.

"जनावरं किती, काका?" दुकानदारानं विचारलं.

"अजून आलेली नाहीत."

"घेणारात का? गाय की म्हैस?"

"हरीण."

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी पेंडीच्या पोत्यांकडे बघितलं.

"दूध किती देतं?" शेवटी त्यानं विचारलं. गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही हा कल्याणच्या बाजाराचा बाणा आहे.

प्लॉटवर एका तोडलेल्या झाडाचं खोड होतं, त्यावर वीट बसली. समोर आप्पांनी लाकडाचा माळा बांधून घेतला, वर चढून बसायला. हरणांना वास येतो म्हणून प्लॉटवर जायच्या दिवशी अंगाला साबण बंद, केसांना तेल बंद. व्हिडिओतल्या लोकांसारखं, पानापानांच्या नक्षीचं एक जाकीट त्यांनी स्टेशनजवळच्या फूटपाथवरून घेतलं. ते घालून, नुसत्या पाण्यानं आंघोळ करून आप्पा दर आठवड्याला एसटीत बसायचे. काकूंचं म्हणणं, शेजारच्या सीटवर कोणी बसायचंच नाही, म्हणून त्यांना प्रवासाचा शीण असा होत नसे.

काकूंनी गॅलरीसाठी मागितलेला कॅमेरा मी टाळला. त्याच आठवड्यात आप्पाच कॅमेरा मागायला आले, प्लॉटसाठी. समोर काही हललं की आपोआप चालू होतो तो बॅटरीवरचा कॅमेरा मी खोडासमोरच्या झाडाला लावून दिला. काही घडत नाही ते तासन् तास बघणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे महिन्यातून एकदा त्यांच्याबरोबर जाऊन कार्ड बदलणं मला अवघड नव्हतं.

पहिल्या महिन्याच्या फुटेजमध्ये शेळ्या होत्या. शेजारच्या पाड्यावरच्या यमुनाबाईंच्या शेळ्या, सगळ्या, रोज, रांगेनं. दुसऱ्या महिन्यात शेळ्याच, पण जास्त गुबगुबीत. एक ससा येऊन गेला, एक साळिंदर येऊन गेलं, दोन कुत्रे वास घेऊन गेले. यमुनाबाई एकदा मुद्दाम भेटायला आल्या. "दादा, तुमची वीट लय ग्वाड लागते आमचे शेरडांना," त्या म्हणाल्या. "दूध वाढलंय. पन सांच्याला घरी येत नाय. तुमचे दारातच बसून ऱ्हातात."

"येऊ देत," आप्पा कुजबुजले. "बिचकवू नका."

हरीण मात्र नाही. शिंगाळं नाही, बिनशिंगाचं नाही. आजूबाजूला भेकरं आहेत असं लोक सांगायचे, भेकर म्हणजे शेळीएवढं, कुत्र्यासारखं भुंकणारं लहान हरीण. पण आप्पांच्या खोडाकडे ते फिरकलं नाही.

तिसऱ्या खेपेला आम्ही दुपारी माळ्यावर बसलो होतो. थंडीचे दिवस, ऊन छान होतं. आप्पांनी पिशवीतून एक छोटा स्टीलचा डबा काढला आणि शेजारी फळीवर ठेवला. झाकण उघडं होतं. आत चिंचेचं बुटुक, काडीला लावलेलं.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"असंच. असतं बरोबर."

"परत जाताना तुम्ही खाता?"

"शेळ्या खातात."

मग आप्पा आपणहून बोलायला लागले, समोर झुडपांकडे बघत.

"ओवी आली होती इथं. तिकडे राहायला जायच्या आधी. सकाळपासून बसलो होतो दोघं, इथंच, खाली चटई टाकून. ती बोलत होती. शाळेतलं, मैत्रिणीचं, कुणाची तरी पेन्सिल कुणी चोरली त्याचं. आणि त्या करवंदीत काहीतरी हललं, नितीन. मला खरंच दिसलं. तपकिरी. आणि हिनं टाळी वाजवली आनंदानं." ते थांबले. "मी ओरडलो. जन्मात कुणावर ओरडलो नव्हतो. म्हटलं, जरा गप्प बसता येत नाही का तुला? तुझ्या बडबडीमुळे पळालं ते."

"मग?"

"मग गप्प बसली. अजून गप्पच आहे."

"फोन करा की तिला."

"करतो ना. ती म्हणते, बरी आहे. मी म्हणतो, बरं. पूर्वीचा मी असतो तर लाइन डेड म्हणून नोंद केली असती." हसायचा त्यांनी प्रयत्न केला. "ती बिचकली रे. आणि बिचकलेल्याच्या मागे धावायचं नसतं."

आजवर मला वाटत होतं, हा माणूस हरणासाठी कुजबुजतो. तो त्या दिवसापासून आवाजच चढवत नव्हता.

"पण मग हरीण कशाला हवंय तुम्हाला?" मी विचारलं.

"अरे, मी तिला 'तुझ्यामुळे पळालं' असं म्हणालो ना. ते परत आलं, इथं उभं राहून चाटताना दिसलं, की मला तिला दाखवता येईल. सांगता येईल, बघ, तुझ्यामुळे नव्हतं पळालं. येतं ते."

इतकं साधं होतं. त्यानंतर कार्ड बदलताना मीसुद्धा मनातल्या मनात भेकराला हाका मारायला लागलो. आवाज न करता.

त्या तिसऱ्या खेपेचं कार्ड घेऊन मी दुकानात आलो आणि नेमक्या कुसुमकाकू तिथे येऊन बसल्या. "लाव बघू, काय दिसतंय," म्हणाल्या. शेळ्या गेल्या. ससा गेला. पुन्हा शेळ्या. मी पुढे पळवत होतो आणि काकू वाटाणे सोलत होत्या. मग पडद्यावर सकाळचा उजेड आला आणि चौकटीत पानापानांच्या नक्षीचं जाकीट शिरलं.

आप्पा खोडापाशी आले. त्यांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. गुडघे धरून खाली बसले. वीट दोन्ही हातांत धरली. आणि डोळे मिटून, अगदी सावकाश, तिला जीभ लावली.

"बघ!" काकू ओरडल्या. वाटाणे दुकानभर झाले. "बघ, बघ, बघ! जिभेचा आकार!"

पडद्यावरचे आप्पा चव घोळवून, समाधानानं मान डोलवून पुन्हा चाटत होते. त्यांच्या पाठीमागे एक शेळी येऊन आपला नंबर लागायची वाट बघत उभी होती. मी हसू आवरायचा प्रयत्न केला, पण काकूच आधी फिस्सकन हसल्या आणि मग आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. हसून झाल्यावर त्यांनी तो तुकडा माझ्याकडून मोबाइलवर घेतला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'डॉक्टरांना दाखवणार आहे.'

संध्याकाळी आप्पांची चौकशी झाली. मीही होतो. आप्पा जराही गांगरले नाहीत.

"चव बघत होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "पाहुण्याला वाढायच्या आधी यजमान चव बघतो की नाही?"

"आणि गॅलरीतली?" काकू.

"तीही पाहुण्यांचीच होती."

काकू पुढे काही बोलणार, तेवढ्यात त्यांच्या हातातला मोबाइल वाजला. ग्रुपवर सगळ्यांचे हसरे चेहरे पडत होतेच. पण हा संदेश ओवीचा होता. त्या ग्रुपवर वाढदिवसालासुद्धा अंगठ्यापलीकडे काही न पाठवणाऱ्या ओवीचा. काकूंनी तो मोठ्यानं वाचला.

"आजी, हे हरीण आपलं?"

आप्पांनी मोबाइल हातात घेतला. चष्मा वर केला, खाली केला. ते एवढंसं वाक्य त्यांनी इतका वेळ वाचलं की काकूंनी चौकशी तिथंच सोडून दिली आणि त्या चहा टाकायला गेल्या. उत्तर काय पाठवायचं, मी विचारलं. आप्पा म्हणाले, "काही नको. बिचकेल."

गोष्ट इथंच गोड झाली असती. पण त्याच आठवड्यात प्लॉटवर वनरक्षक आला. तरुण होता, बोलायला नम्र. आप्पांना म्हणाला, "काका, ही वीट काढा. जंगलाला लागून जनावरांसाठी आमिष ठेवलं की कायद्यानं ते शिकारीत धरतात."

"शिकारीत? अहो, मी शिकारी दिसतो का?"

वनरक्षकानं त्यांच्या जाकिटाकडे बघितलं. "थोडे दिसता," तो म्हणाला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "मिठाला जनावरं एका जागी जमतात. मग तिथंच कुत्री येतात, फासे लावणारे येतात. आम्हाला ठेवायचं असेल तिथं आम्ही आत, पाणवठ्यापाशी बघून ठेवतो. तुम्ही प्रेमानं ठेवलंत, पण त्यांच्या जिवावर बेतेल."

आप्पांना हे फार लागलं. ज्यांना इतक्या जपून बोलवायचं, त्यांचाच घात आपल्या हातून झाला असता, हे त्यांच्या मनातून जाईना. येत्या रविवारीच वीट काढून आणतो म्हणाले. मी बरोबर गेलो, कॅमेराही काढायचा होता.

रविवारी एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले. साबण लावून आंघोळ केली होती. जाकीट घातलं नव्हतं. प्लॉटवर पोचल्यावर त्यांनी वीट खोडावरून उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मांडीवर घेऊन त्या खोडाशेजारी जमिनीवरच बसून राहिले. शेळ्या जरा लांब उभ्या राहून बघत होत्या.

"आता नाही येणार," ते म्हणाले. "आता तिला काय दाखवू?"

मी झाडावरचा कॅमेरा सोडवायला लागलो. तेवढ्यात खाली रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला, दार लागलं. मी वळून बघितलं. मीनलची गाडी. पुढून कुसुमकाकू उतरत होत्या. घरी कामं आहेत म्हणून सकाळी आमच्याबरोबर यायला नाही म्हणालेल्या काकू. त्यांनी डोंबिवलीला फोन करून सगळं ठरवलं होतं, हे मला नंतर कळलं. आणि त्यांच्या पुढे, एकटीच, कुंपणाच्या फाटकातून एक उंच झालेली मुलगी आत येत होती. वाळलेली पानं वाजू नयेत म्हणून बघून बघून पाऊल टाकत.

"आप्पा," मी म्हटलं.

"माहितीय," आप्पा कुजबुजले. ते फाटकाकडे पाठ करूनच बसले होते. "चालण्यावरून कळलं. हलू नकोस, नितीन. बिचकेल."

त्यांनी मान वळवली नाही. फक्त हात पिशवीत घातला, डबा काढला, झाकण उघडलं, आणि वीट होती त्या जागी, खोडावर, ठेवला. मग बसल्या बसल्या थोडे बाजूला सरकले.

ओवी आली. खोडापाशी क्षणभर उभी राहिली. तिनं डब्यातलं बुटुक उचललं आणि त्या रिकाम्या केलेल्या जागेत आप्पांना टेकून बसली. बराच वेळ तिनं नुसतंच ते चाटलं. दोघं समोरच्या करवंदीकडे बघत होते. मी झाडाला हात लावून जसाच्या तसा उभा होतो, काकू आणि मीनल फाटकातच थांबल्या होत्या.

मग ओवी आप्पांच्या कानाशी वाकली. तिनं ते इतकं हळू विचारलं की मला तिच्या ओठांवरूनच कळलं.

"आजोबा, बोललं तर चालेल?"

आप्पांचा चेहरा कसनुसा झाला. मांडीवरची वीट त्यांनी बाजूला ठेवली. आणि जिन्यात पाणी आल्याची चौकशीसुद्धा कानात करणारा तो माणूस सगळ्या रानाला ऐकू जाईल असा ओरडला.

"मोठ्यानं बोल! अगं, मोठ्यानं बोल तू!"

शेळ्या उधळल्या. यमुनाबाईंच्या पाड्यावर कुत्री भुंकायला लागली. ओवी दचकली आणि मग हसायला लागली, आणि हसता हसताच शाळेतल्या कुठल्यातरी मुलीचं काहीतरी लांबलचक सांगायला लागली, पहिल्यापासून.

तेवढ्यात समोरच्या करवंदीत काहीतरी हललं. तपकिरी होतं. खसखसलं आणि दडदड करत जंगलात पळालं. शेळी असेल, मला नीट दिसलं नाही. कॅमेरा माझ्या हातात होता, बंद.

आप्पांनी तिकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. ते म्हणाले, "मग? मग काय म्हणाली ती?"